वेशीपाशी संपलेली कविता

संस्थेचे सन्माननीय अध्यक्ष हंबीरराव, व्यासपीठावरचे प्राचार्य आणि प्राध्यापक मंडळी, ज्यांच्यासाठी आज हे सभागृह भरलं आहे त्या आपल्या नंदिनीताई, आणि समोर बसलेल्या आजी-माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. शहात्तराव्या वर्षी दहा मिनिटांत चष्मासुद्धा सापडत नाही, तरी प्रयत्न करतो. मी या कॉलेजचा कुणी नव्हे. शाळेत मराठी शिकवणारा, पोरांचा अप्पा गुरुजी. कविता मोठ्यानं वाचणं हा माझा एकच गुण. बाकी गणितात मी काय होतो, ते पुढच्या रांगेत बसलेले माझे दोन वर्गमित्र सांगतील. सांगू नका!

तेरा वर्षांपूर्वी ताईंनी इथं संयुक्त कला अभ्यासक्रम सुरू केला. साहित्य, इतिहास, संगीत, तत्त्वज्ञान आणि एक हातकाम, सगळं एकाच वर्गात. गावात आम्ही काय हसलो! मीच म्हणालो होतो, "ताई, ही मिसळ आहे. तर्रीच फक्त वर दिसणार." ताई म्हणाल्या, "अप्पा, कोल्हापुरात राहून मिसळीला नावं ठेवता?" मग त्यांची पोरं कळंब्याच्या तलावाकाठी बसून ओव्या म्हणू लागली, पन्हाळ्याच्या तटावर हात ठेवून दगडाचं वय विचारू लागली. मला मात्र वाटे, यांना धड काय येणार?

आणि आता येत्या सोमवारी संस्थेची समिती बसणार आहे. ताई निवृत्त होताहेत, तेव्हा हा अभ्यासक्रम जूनपासून बंद करावा, असा विचार आहे म्हणे. निरोपाच्या सभेत हे काढू नये, हे मला कळतं. पण त्या समितीपुढे जी फाईल जाणार आहे, तिच्यात सगळ्यात वरचा कागद माझा आहे. म्हणून बोलणं भाग आहे.

नऊ वर्षांपूर्वी, चौऱ्याहत्तर साली, मला इथं तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून बोलावलं. या अभ्यासक्रमाची एक रीत आहे. चार विषयांचे चार परीक्षक एकाच टेबलाला बसतात, बाहेरचा माणूस एक वस्तू समोर ठेवतो, आणि विद्यार्थ्यानं तिच्याविषयी जे जे येतं ते सांगायचं. मी माझ्याकडचा कवितांचा जुना संग्रह ठेवला, जुन्या बाजारात बांधणीसकट मिळालेला. छापून संपलेलं पुस्तक, गावात दुसरी प्रत नाही. बावीस वर्षं मी त्यातून फळ्यावर कविता लिहून दिल्या. त्यात लेकीला सासरी धाडण्याची एक कविता होती. तीन कडव्यांत बैलगाडी वेशीपाशी पोचते, आणि पान उलटलं की एकदम आभाळातल्या चांदण्या येतात. काय ती कल्पनेची झेप! मी वर्गात सांगायचो, बापाचे डोळे भरून आले, रस्ता दिसेना, म्हणून कवीनं नजर वर नेली. त्यावर पोरांनी परीक्षेत पाच-पाच गुण मिळवले आहेत.

परीक्षेला आली जरीना. आपल्या कुतुबुद्दीन बाइंडरची मुलगी. मी म्हटलं, ही कविता चालीवर म्हणून दाखव. तिनं चाल धरली, तीन कडवी अशी गायली की संगीताचे सर टेबलावर बोटांनी ताल देऊ लागले. चांदण्या आल्या आणि ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच थांबली.

"सर, रागावू नका, पण हितं चाल मोडतीय की."

"अगं, चाल मोडते म्हणजे भावना उचंबळते," मी म्हणालो.

तिनं पुस्तक उचललं, पाठीकडून उघडलं, पानाच्या मुळाशी बोट फिरवलं. "न्हाय सर. ह्ये पान शिवल्यालं न्हाय, खळीनं चिकटवलंय. सुटलं आसंल आन् भलत्या जागी बसलं. ह्या चांदण्या दुसऱ्या कवितंतल्या हायत. तुमची कविता वेशीपाशीच संपली." पानांचे आकडे पाहावेत, तर ते बांधणीच्या वेळी कडा कापताना केव्हाच उडालेले.

मी चिडून विचारलं, "कुठल्या गाढवानं बांधलं हे?"

ती गप्प राहू शकली असती. कुणालाही कळलं नसतं. खाली बघत म्हणाली, "अब्बांनी. पुठ्ठ्यावर कापडाचा कोपरा दुमडायची ही रीत त्यांचीच हाय."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. कुतुबुद्दीननं पुस्तक बघितलं आणि रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल असं म्हणाला, "व्हय गुरुजी, चूक माझीच! मला मराठी वाचाय येत न्हाय. पर तुमी बावीस वरसं वाचलासा न्हवं? तुमास्नी बी न्हाय कळलं व्हय?"

हसा, हसा. मी तेव्हा हसलो नाही. एका पोरीला ताल कळत होता, छंद कळत होता आणि खळही कळत होती, म्हणून तिला ते दिसलं जे मला नुसत्या कवितेच्या प्रेमात कधी दिसलं नाही. हे मला त्याच टेबलावर समजलं होतं, मंडळी. तरी मी तिला जेमतेम पासापुरते गुण दिले. आणि त्याच आठवड्यात अहवाल लिहिला की, या अभ्यासक्रमातल्या मुलांना कुठलाच विषय खोलवर येत नाही. त्या कागदानं चाळीस जागांच्या पंधरा झाल्या. दुखावलेल्या म्हाताऱ्याचा राग होता तो, बाकी काही नव्हतं.

आज सकाळी हे सांगायला मी ताईंच्या घरी गेलो. त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "अप्पा, तो अहवाल माझ्याच टेबलावरून वर गेला. नऊ वर्षांपूर्वीच वाचलाय."

"मग दरवर्षी मला तुमच्या मुलांपुढे कविता वाचायला का बोलावत होता?"

"कारण कविता तुम्ही फार छान वाचता. साखर किती घालू?"

ताई, मुलांना इतके विषय शिकवलेत. मला हा एक शिकवायला तुम्हाला नऊ वर्षं लागली.

हंबीरराव, हे माझं सहीचं पत्र. जुना अहवाल मी मागे घेतो आहे, आणि का घेतो आहे तेही लिहिलं आहे. सोमवारी ते त्या कागदाच्या वर ठेवावं. समितीनं काय ठरवायचं ते ठरवावं, पण माझ्या खोटेपणावर विसंबून ठरवू नये.

ताई, तुम्हाला आयुष्य, आरोग्य आणि भरपूर रिकामा वेळ लाभो. संयोजकांचे आभार, आणि दहाची वीस मिनिटं ज्यांनी होऊ दिली त्या सगळ्यांचे आभार.

तिसऱ्या रांगेत जरीना बसली आहे. जुनी कागदपत्रं दुरुस्त करण्यात आज तिच्यासारखा हात या भागात नाही. अगं, उठू नकोस बाळ, बस. तुझी माफी मला इथून, माईकवरून मागायची नाही. मीच खाली येतो. पायऱ्या उतरायला मला जरा वेळ लागेल, तेवढं सभेनं सांभाळून घ्यावं.