उसना घास

(जनावरांचा दवाखाना.)

डॉ. भार्गवी : आजी, खरं सांगा, शेळीला खायला काय घातलंत? पोट नुसतं डुचमळतंय हिचं.

अंबुबाई : पाला. दुसरं काय घालनार शेळीला?

डॉ. भार्गवी : नुसता पाला खाऊन रवंथ बंद पडत नाही. तोंडाला आंबट वास येतोय.

अंबुबाई : भाकरी दिली थोडी.

डॉ. भार्गवी : थोडी म्हणजे?

अंबुबाई : आठ.

डॉ. भार्गवी : आठ भाकऱ्या? एका शेळीला?

अंबुबाई : आमचा सांगोल्याकडं मेंढरांचा वाडा हुता, बाई. आठ मानसं जेवायची. हात अजून तेवढंच पीठ घेतो बगा. हितं शहरात, पेठंत माझा ल्योक जोतिराम आन सून पूनम, दोघं सकाळी डबा घिऊन कामाला जात्यात. दिसभर घरात मी आन ही बुगडी. रोज दोन-तीन भाकरी उरायच्या, ती पचवायची. रविवारी दोघं घरी असनार म्हनून आठ थापल्या. तर ती दोघं टेंभुर्णीला पावन्यांकडं जेवाय गेली. टाकून द्याचं जिवावर आलं.

डॉ. भार्गवी : रविवारी? आज बुधवार. इतके दिवस काय केलंत?

अंबुबाई : माझ्या खोकल्याच्या गोळ्या हुत्या की, जंतू मारायच्या. त्या दिल्या.

डॉ. भार्गवी : अहो, तिथंच घात झाला. शेळीला स्वतःला पाला पचवता येत नाही. तिच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जंतू असतात. ते पाला आंबवतात, आणि त्यावर ती जगते. भाकरीनं पोट आंबलं त्यात अर्धे मेले, उरलेले तुमच्या गोळ्यांनी.

अंबुबाई : म्हंजे आतलं बिऱ्हाडच उठलं म्हना. तरी म्हनलं, म्होरं हिरवा पाला पडलाय आन ही नुसती बगत बसती. मला बी हितं आल्यापास्नं भूक लागत न्हाय, पन मी रेटून खाते.

डॉ. भार्गवी : आंबटपणा उतरायला औषध देते मी. पण ते जंतू माझ्या कपाटात नाहीत. दुसऱ्या शेळीकडूनच आणावे लागतील.

अंबुबाई : रवंथाचा घास काढून? आमचं मालक काढायचं की. चांगल्या शेळीच्या तोंडातनं बोटानं घास काढायचा आन आजारी शेळीला भरवायचा. मला वाटायचं, ही आमा अडान्यांची रीत.

डॉ. भार्गवी : आम्हाला हेच पुस्तकातून शिकवतात. मग घास का नाही दिलात?

अंबुबाई : दुसरी शेळी कुटनं आनू? मालक गेलं, वाडा इकला. ही एकलीच आनली संगं.

डॉ. भार्गवी : पेठेत कुणाकडे असेलच की.

अंबुबाई : बोळाच्या टोकाला आवाज येतो दोन शेळ्यांचा. वरीस झालं ऐकतीया. कुनाच्या हायत, ठावं न्हाय. पूनम म्हनती, आई, शहरात कुनाच्या दारात उगं जायचं नसतं. वाईट न्हाय हो ती. पन सांगून ठिवलंय तिनं.

डॉ. भार्गवी : आज अंधार पडायच्या आत जा. नाहीतर उद्यापर्यंत ही टिकायची नाही.

अंबुबाई : ही गेली तर मी बोलू कुनाशी, बाई? जोतिराम दुसरी आनू द्याचा न्हाय.

डॉ. भार्गवी : म्हणून तर सांगतेय. जा.

(दुसरा दिवस. तोच दवाखाना.)

डॉ. भार्गवी : जबडा हलतोय की हिचा. मिळाला वाटतं घास?

अंबुबाई : चार येळा दारापास्नं माघारी फिरले. काय मागायचं, तुमच्या शेळीचा उष्टा घास? शेवटी वाजवली कडी. माझ्याच वयाची हाय. मायाक्का. अक्कलकोटाकडची, अर्दं कानडीच बोलती. मी कोन, कुनाची, कायबी इचारलं न्हाय तिनं. एवढंच म्हनली, रवंथ गेला व्हय? शेळी धरली, बोट घातलं, आन घास माझ्या हातावर ठिवला. ऊन ऊन. मला रडूच आलं बगा.

डॉ. भार्गवी : रडायला काय झालं?

अंबुबाई : काय की. मग तिनं च्या पाजला. तिची पोरं पुन्याला असत्यात. आज सकाळी गेले तर घास काढून वाटच बगत हुती.

डॉ. भार्गवी : छान झालं. आता अजून दोन दिवस घास द्या. मग पोटातली वस्ती आपली आपण वाढते. त्यानंतर तिकडे जायची गरज नाही.

अंबुबाई : दोनच दिस?

डॉ. भार्गवी : पुरेत तेवढे.

अंबुबाई : बाई, आमची पूनम शिकल्याली हाय. डाक्टरनं कागदावर लिव्हलं की ती मोडत न्हाय. म्हयनाभर जायाचं, असं लिव्हा की.

डॉ. भार्गवी : लिहिते. महिनाभर. सकाळ-संध्याकाळ, दोन वेळा.