डावा पाय

आई : …म्हणून म्हटलं, डॉक्टर काही का सांगेनात, आधी सरांना भेटावं. तुम्हीच तर सगळ्यांच्या आधी ओळखलंत.

सर : मी? काय ओळखलं मी?

आई : आमच्या चिमीचा पाय दुखतोय ते. आम्हा घरच्यांना पत्ताच नव्हता. मी दिवसभर शिलाई मशीनला जुंपलेली, हिचे बाबा ट्रक घेऊन बाहेरगावी. रिलेच्या शर्यतीच्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना सगळ्यांसमोर, ‘चिमे, तुझा पाय दुखतोय, तू आज बस.’ त्या दिवसापासून पोरगी जी लंगडतेय, ती लंगडतेच आहे.

सर : अजून?

आई : अजून म्हणजे काय, खेळाच्या तासाला बघत नाही का तुम्ही तिला?

सर : बाकावर बसलेली असते, ताई. पळवू नका, असा तुमचाच निरोप होता. मला वाटलं, मागाहून खरंच मुरगळला असेल कुठेतरी.

आई : मागाहून?

सर : काही नाही. बसा ना. त्या स्टुलावर नको, डुगडुगतंय ते. इथे, या गाद्यांवर बसा. उड्यांच्या आहेत, स्वच्छ आहेत.

आई : हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. दुसऱ्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितलं. सगळं ठीक म्हणतात. मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, नाटकं करतेस, खोटारडे. हात उचलला मी तिच्यावर, सर. रडलीसुद्धा नाही. तशीच लंगडत गेली आणि अभ्यासाला बसली. मला घास गिळवेना. दुखऱ्या पायाच्या लेकराला मारलं मी.

सर : ताई…

आई : आता सोमवारी प्लास्टर घालायचं म्हणतात. महिनाभर पाय हलवायचा नाही, मग बघू. पण म्हटलं, त्याआधी शाळेत विचारून यावं. म्हणून आले. तुमचा जन्म गेला मुलांच्या हातापायांकडे बघण्यात. त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं होतं? नेमकं कुठे दुखत होतं?

सर : चिमी कुठे आहे?

आई : बाहेर, पायरीवर बसवलंय.

सर : तिच्याशी जरा एकटीशी बोलू का? दार उघडंच राहू दे.

आई : बोला की. तुमचं ऐकते ती. घरी उठताबसता ‘सर म्हणाले, सर म्हणाले’, दुसरं काही नाही. चिमे, आत जा गं. सावकाश. उंबरा आहे.

(आई बाहेर जाते. चिमी लंगडत आत येते.)

सर : ये. हा चेंडू धर घट्ट, मी हवा भरतो. हात रिकामे असले की मला बोलायला सुचत नाही.

चिमी : याच्यात हवा राहत नाही, सर. मागच्या वेळी पण भरली होती तुम्ही.

सर : धर गं तू. हं. कुठला पाय दुखतो तुझा?

चिमी : डावा.

सर : नक्की डावा?

चिमी : तुम्ही कुठला ते सांगितलंच नव्हतं. मग मी डावा घेतला.

सर : घेतलास.

चिमी : उजव्यावर मला छान तोल सांभाळता येतो, म्हणून तो चांगला ठेवला.

सर : म्हणजे दुखत नाही.

चिमी : आईला सांगू नका.

सर : त्या दिवशीही दुखत नव्हता. हे तुला तेव्हाच ठाऊक होतं.

चिमी : माझाच पाय आहे, सर.

सर : मग बोलली का नाहीस?

चिमी : आधी वाटलं, तुम्हाला दिसत असेल काहीतरी. आतलं. मग तुम्ही माझ्या जागी वर्गातल्या त्या उंच मुलीला उभं केलंत आणि माझ्याकडे परत बघितलंच नाहीत. तेव्हा कळलं.

सर : काय कळलं?

चिमी : मी हळू पळते ते.

सर : अस्सं.

चिमी : तुम्ही कधी निवडत नाही ना. दुसऱ्या शाळांचे सर निवडतात. तुम्ही चिठ्ठ्या टाकता. म्हणता, जिचं नाव निघेल ती पळणार, मग ती हरीण असो की गोगलगाय.

सर : म्हणतो खरा. वीस वर्षं मिरवतोय तेच.

चिमी : माझं नाव निघालं तेव्हा मी रोज गल्लीत पळायचे. बॅटनऐवजी लाटणं घेऊन. भावाच्या हातात द्यायचं, परत घ्यायचं. आई ओरडायची, आधी माझं लाटणं दे म्हणून. एकदाही पडलं नाही.

सर : मला ठाऊक नव्हतं हे.

चिमी : तुम्ही विचारलं नाही.

सर : नाही विचारलं. पण शर्यत तर संपली होती, चिमे. मग लंगडायला कशाला लागलीस?

चिमी : दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी नळाकडे पळत गेले. विसरलेच होते. तर मॉनिटर म्हणाली, काय गं, काल तर तुझा पाय दुखत होता, मग सर खोटं बोलले का? सगळ्या बघायला लागल्या. मग मी लंगडले.

सर : माझ्यासाठी.

चिमी : माझ्यासाठी पण. तुम्ही खोटं बोलला नसाल, तर मी हळू पण नाही.

सर : हं.

चिमी : ती मॉनिटर आमच्या शेजारीच राहते. म्हणून घरी पण लंगडावं लागलं. मग आईनं बघितलं. मग डॉक्टर. मग थांबायचं कसं तेच कळेना. एकदम बरा झाला म्हटलं, तर नाटकच ठरलं असतं.

सर : आईनं मारलं तरी बोलली नाहीस.

चिमी : जोरात नाही मारलं तिनं.

सर : चेंडू ठेव खाली. ऐक. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, ढालीचं कपाट किती वर्षं रिकामं ठेवायचं? पण तुझं नाव गाळा, असं त्या म्हणाल्या नव्हत्या. ते माझं मी केलं. ढाल समोर दिसली आणि माझाच नियम मला जड झाला. पाय दुखतोय म्हटलं, ते तुला वाईट वाटू नये म्हणून, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मी वाईट दिसू नये म्हणून.

चिमी : पण जिंकलो ना आपण?

सर : जिंकलो.

चिमी : मी टाळ्या वाजवल्या.

सर : ताई, आत या जरा.

चिमी : नका ना सर. आई तुम्हाला बोलेल.

सर : बोलू दे.

आई : काय, लागला का पत्ता दुखण्याचा?

सर : सोमवारी जाऊ नका. पाय धडधाकट आहे. त्या दिवशीही होता.

आई : म्हणजे?

सर : चिठ्ठीत हिचं नाव निघालं होतं. मला चपळ मुलगी हवी होती. म्हणून पाय दुखतोय असं मीच ठोकून दिलं. ही तेव्हापासून माझं खोटं सांभाळत बसलीय.

आई : तुम्ही.

सर : मी.

आई : आणि खोटारडी म्हणून मार खाल्ला हिनं. माझ्या हातचा.

सर : हो, ताई.

आई : तुमच्या वयाकडे बघून तोंड आवरतेय मी.

सर : आवरू नका.

आई : काय बोलू? फोटो काढून झाले, नवस करायचे तेवढे राहिले होते. आणि घरी ही पोर तुमच्याच नावाचा जप करते हो.

सर : उद्या प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर सांगणार आहे मी.

चिमी : नको. मग सगळ्यांना कळेल मी हळू पळते ते.

आई : बघा. सांगून तुम्ही मोकळे व्हाल. वर्गात बसायचंय तिला.

सर : खरंय. मग तूच सांग चिमे, काय करू?

चिमी : तुम्ही पाय चोळून दिला आणि बरा झाला, असं सांगा.

सर : पुन्हा तेच? नाही, बाळा. आणि तू हळू पळतेस की कशी, ते मी कुठल्या तोंडानं सांगू? लाटणं घेऊन पळालीस ते मी बघितलंच नाही. मी एवढंच सांगेन, नाव तुझं निघालं होतं, तूच पळायला हवी होतीस, नियम मी मोडला. ढाल मोठ्या बाईंकडे परत नेऊन देईन. चालेल एवढं?

चिमी : एवढं चालेल. पण मॉनिटरकडे बघून सांगू नका.

सर : नाही बघणार.

आई : चल. दप्तर आण इकडे, मी घेते. येते सर. आज याहून जास्त बोलवत नाही मला.

सर : सांभाळून जा, ताई.

आई : चिमे, आता कशाला लंगडतेस? झालं ना सगळं सांगून?

चिमी : मी कुठे लंगडतेय, आई? सरळच चालतेय.