अनुसयेला हो कुणी म्हणेना

मंडळी, ऐका. आज एकच सवाल घेऊन उभी राहिलेय. माणसाला तोंडावर नाही म्हणणं मोठं पाप, की हो-नाही न करता ताटकळत ठेवणं? लगेच माना हलवू नका. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण मास्तर माझ्या कीर्तनाला मांडी घालून बसतात. तेव्हा नीट ऐका.

एका गावात देवस्थान होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालणारं. म्हातारा आचारी घरी बसला, नवी स्वयंपाकीण हवी होती. अनुसया भोईटे त्याच गावची लेक, सोलापुरात मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. आई गावात अंथरुणाला खिळलेली. शेजारीण दोन घास भरवायची, पण म्हातारीचं एकच – "अनू कायमची कधी येणार?" त्यापायी अनुसयेला ही नोकरी हवी होती.

विश्वस्त म्हणाले, स्वयंपाक करून दाखवा, चव बघून ठरवू. बरोबर आहे. देवांनीही पुराणातल्या अनसूयेची परीक्षा घेतलीच की. पण एकदाच घेतली, अन् निकाल जागेवर लागला. इथं? दिवस नेमला एकादशीचा.

अनुसया देवस्थानच्या कारभाऱ्यांना म्हणाली, "कारभारी, त्या दिवशी सगळ्यांना उपास असतो."

"बाई, बैठकीत ठरलंय. या तुम्ही."

आली बिचारी, रजा टाकून. पुरण वाटलं, आमटी केली. विश्वस्त पाटावर बसले अन् एकमेकांकडं बघायला लागले. अध्यक्ष तात्यासाहेब म्हणाले, "वास झकास आहे, पण आज चाखायचं कसं? पुन्हा या."

हसताय कशाला? तुमच्यातलेच होते ते.

पुन्हा आली. त्याच सकाळी पुजाऱ्याला सुतक लागलं. नैवेद्य दाखवल्याशिवाय जेवायचं कसं? दुसरा पुजारी येईतो भात गारढोण झाला. तात्यासाहेब म्हणाले, "गार अन्नावर निकाल देणं बरं नव्हे."

त्यापुढच्या खेपेला मात्र सगळे बोटं चाटत जेवले. दाराशी उभी राहून तिनं विचारलं, "मग येऊ का मी, तात्या?"

"आमची ना नाही. एक विश्वस्त लेकीकडं गेलेत. ते आले की कळवतो."

जाताना ती आईजवळ टेकली.

"ठरलं का गं?"

"ठरेल, आई."

"म्हणजे नाही म्हणाले."

"नाही कुठं म्हणाले?"

"मग हो का नाही म्हणाले?"

मंडळी, लेक पिशवी उचलून गाडीला गेली. ती सोलापुरात परक्या पोरांना वाढत होती, तेव्हा शेजारणीचा फोन आला. आई गेली.

दहाव्याला घाटावरून परतली, तर तात्यासाहेब ओट्यावर बसलेले. वाईट माणूस नव्हता हो. डोळे ओले होते. म्हणाले, "पोरी, कालच बैठक झाली. सगळ्यांनी एकमुखानं तुला घेतलंय."

"तात्या," अनुसया म्हणाली, "आता मी गावात येऊन कुणाला भरवू?"

तेरावं उरकून ती सोलापूरच्या गाडीत बसली. देवस्थानात अजून कुणी स्वयंपाकीण टिकत नाही म्हणतात.

आता तुमच्याकडं येते. कुणाला उद्या या, बघू, कळवतो सांगून बसलायत? आठवला चेहरा? मग उठा. हो म्हणा, नाही म्हणा, पण आत्ता जाऊन सांगा. लाजू नका, जा. तुम्ही येईपर्यंत मी आरती लावत नाही.