समुद्र कसा दिसतोय आज?

(घाना देशातलं केटा गाव. दावी एन्योनामचा ओटा, पुढे समुद्र, मागे खाजण. लॅपटॉप उघडा आहे. राजधानी अक्राहून आलेला कोमला एन्योनामला 'दावी', म्हणजे ताई, म्हणतो. 'यंत्र' म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारा त्यातला आवाज.)

कोमला: पुरे दावी, प्यायलो ना पाणी. आता सुरू करू.

एन्योनाम: पेला अर्धा राहिलाय. ठेवलास त्या आवाजावरून कळलं मला.

कोमला: उरलेलं मग पितो.

एन्योनाम: मग नाही, आत्ता. आणि ती काठी दारात आडवी टाकली आहेस, उभी कर. घरात दोन आंधळी असताना काठीनं तरी शिस्तीत राहावं. घरची कशी आहेत?

कोमला: बरी आहेत.

एन्योनाम: पोरं?

कोमला: बरी.

एन्योनाम: सासूबाई? त्यांचा गुडघा?

कोमला: गुडघाही बरा आहे, दावी! तुमच्या घरची?

एन्योनाम: घरची म्हणजे मी एकटी. बरी आहे. इथे सगळं शांत आहे, वाटेवरून तू आलायस. काय काम काढलंस?

कोमला: तुम्हीच तर बोलावलंत मला!

एन्योनाम: ते मला ठाऊक आहे. तरी पाणी दिल्यावर विचारायचं असतं, आणि विचारल्याशिवाय पाहुण्यानं तोंड उघडायचं नसतं. अक्राला राहून सगळं धुऊन निघालं वाटतं तुझं.

कोमला: काही धुऊन निघालं नाही. पण संध्याकाळी फोरमचा अॅडमिन तुमच्या चर्चेला कुलूप घालणार आहे, आणि आपण अजून माझ्या सासूच्या गुडघ्यावरच आहोत.

एन्योनाम: कुलूप कशाला पण? मी एक साधा प्रश्न विचारला. होहोएच्या टेलिफोन एक्स्चेंजात मावुसी नावाची बाई होती, ती कुणाला माहीत आहे का? आहे की गेली? असेल तर कुठे? यात भांडण्यासारखं काय होतं?

कोमला: फोरमवर भांडायला कारण लागत नाही, जागा लागते. तुम्ही जागा दिलीत. चला, एच दाबा. एच म्हणजे हेडिंग. दर पोस्टला एक हेडिंग असतं. एच दाबलं की पुढच्या पोस्टवर उडी. पहिली ओळ ऐकायची, कामाची नसली की परत एच.

यंत्र: हेडिंग केटाचा वाघ लिंक प्रोफाइल लिंक तक्रार करा एक्स्चेंज पोस्टाच्या मागे होतं, किल्ल्याजवळ नव्हतं, ज्यांना माहीत नाही त्यांनी—

कोमला: एच.

यंत्र: हेडिंग किल्लेदार लिंक प्रोफाइल लिंक तक्रार करा वाघाच्या जन्माआधीपासून मी या गावात—

कोमला: एच, एच.

एन्योनाम: अरे, बिचाऱ्याचं वाक्य तरी पुरं होऊ दे.

कोमला: वाक्यं पुरी होऊ दिली तर आपण दोघं इथेच म्हातारे होऊ.

एन्योनाम: मी झालेच आहे. आणि हा इतका घाईनं का बोलतो? कुणी मागे लागलंय का त्याच्या?

कोमला: वेग मीच वाढवलाय. मी याच्या दुप्पट वेगानं ऐकतो. अंधांच्या युनियनच्या ऑफिसात माझ्याइतक्या झटपट फोरम कुणी वाचत नाही. सकाळचा चहा निवायच्या आत पाच फोरम.

एन्योनाम: आणि काय कळतं?

कोमला: काहीच नाही. पण झटपट.

यंत्र: हेडिंग आशीर्वाद एजन्सी लिंक प्रोफाइल देव या मावुसीचं भलं करो, स्वस्तात पत्रे हवे असल्यास—

एन्योनाम: पत्रे?

कोमला: छपराचे. एच.

यंत्र: हेडिंग अॅडमिन सूचना ही चर्चा आज संध्याकाळी बंद करण्यात येईल विषय सोडून लिहू नये. मजकूर समाप्त.

कोमला: झालं. हे शेवटचं. मावुसीबद्दल एक अक्षर नाही. वाईट वाटून घेऊ नका, दावी. तिचं नावही शोधून पाहिलं मी. तुमच्या प्रश्नात आहे, पत्रेवाल्यात आहे. बाकी कुठे नाही.

एन्योनाम: म्हणजे संपलं?

कोमला: दुसऱ्या फोरमवर विचारू. तुमची कोण ती? मैत्रीण?

एन्योनाम: काय म्हणायचं ते कधी ठरवलंच नाही. मी केटाच्या एक्स्चेंजात बोर्डावर, ती होहोएच्या. डोंगराकडचा फोन लावायचा म्हणजे आधी तिला गाठायचं. रात्रपाळीला गिऱ्हाईक कमी, मग आम्ही दोघी बोलत बसायचो. तिनं समुद्र पाहिला नव्हता. रोज पहिला प्रश्न तोच. 'केटा, समुद्र कसा दिसतोय आज?'

कोमला: तुम्हाला विचारायची? तुम्हाला?

एन्योनाम: मग काय झालं? मी सांगायची. आज हिरवा आहे. आज राखाडी आहे, कडेला पांढरा. तिला छान वाटायचं. मग ती तिचे डोंगर सांगायची. संध्याकाळी जांभळे होतात म्हणायची. मला फार आवडायचं ते, जांभळे.

कोमला: तुम्ही आंधळ्या आहात हे तिला कधी सांगितलंच नाहीत?

एन्योनाम: तिनं कुठे विचारलं? आणि एकदा रंग सांगायला लागल्यावर मधेच कसं थांबायचं? बोर्डावर बसलं की आम्ही नुसता आवाज. आवाजाला डोळे कोण विचारतो!

कोमला: मग तिचा पत्ता का घेतला नाहीत?

एन्योनाम: पत्ता कशाला लागतो? प्लग खोचला की ती होतीच. मग एका सोमवारी साहेब म्हणाले, आता लोक स्वतःच नंबर फिरवतील, उद्यापासून येऊ नका. मला वाटलं, जाता जाता तिला सांगावं. तर बोर्ड आधीच बंद केलेला.

कोमला: दावी, तुम्ही काय दाबताय? ते एच नाही.

एन्योनाम: पहिल्या पोस्टपासून, खाली जायचा बाण.

कोमला: बाण नको! बाणानं फोरम वाचायचा म्हणजे पायी अक्राला निघायचं.

एन्योनाम: मला पाय आहेत. सगळं ऐकते एकदा. वाघ, किल्लेदार, पत्रे, सगळे. माझ्या दारात आलेत ना ते?

यंत्र: केटाचा वाघ. लिंक, प्रोफाइल. लिंक, तक्रार करा. एक्स्चेंज पोस्टाच्या मागे होतं, किल्ल्याजवळ नव्हतं, ज्यांना माहीत नाही त्यांनी गप्प बसावं. लपवलेली पोस्ट. पाहुणा. बटण, दाखवा. हेडिंग, किल्लेदार.

एन्योनाम: हे मधे काय होतं?

कोमला: काही नाही. नोंदणी न करता लिहिणाऱ्याला फोरम 'पाहुणा' म्हणतो. सगळे औषधं विकणारे असतात. गेल्या खेपेला मीच सेटिंग केलं, पाहुण्यांच्या पोस्ट लपवा म्हणून. तुमचा वेळ वाचावा.

एन्योनाम: माझ्या घरी तू पाहुणे लपवलेस?

कोमला: फोरमवर, दावी.

एन्योनाम: आणि तो वाचलेला वेळ कुठे ठेवलायस? दे मला, आत्ता वापरते. हे बटण दाबू?

कोमला: दाबा. सांधेदुखीचं तेल निघेल, माझ्या सासूसाठी मागवा.

यंत्र: पाहुणा. अगो.

एन्योनाम: काय?

यंत्र: पाहुणा. अगो.

एन्योनाम: एवढंच? 'अगो'?

कोमला: एवढंच. कुणी तरी दारात उभं राहून 'आत येऊ का' अशी हाक मारतंय आणि पुढे बोलतच नाही. टवाळखोर असणार.

एन्योनाम: 'अमे, या' म्हणून उत्तर दिलं कुणी?

कोमला: फोरमवर 'अमे' कोण म्हणणार?

एन्योनाम: मग ते पुढे कसं बोलतील? बाण दाबते.

यंत्र: किल्लेदार. वाघाच्या जन्माआधीपासून मी या गावात राहतो. लपवलेली पोस्ट. पाहुणा. बटण, दाखवा. अगो. घरात कुणी आहे का? मी दाराशी आहे.

कोमला: हा तोच पाहुणा.

एन्योनाम: हो. पुन्हा आलाय. कुणी ओ दिली नाही म्हणून पुन्हा आलाय.

यंत्र: आशीर्वाद एजन्सी. देव या मावुसीचं भलं करो, स्वस्तात पत्रे हवे असल्यास फोन करा. लपवलेली पोस्ट. पाहुणा. बटण, दाखवा. अगो. घरच्यांची खुशाली? लहानथोरांची? जाळी ओढणाऱ्यांची? समुद्र कसा दिसतोय आज?

कोमला: दावी, हे...

एन्योनाम: गप्प. परत लाव. आणि वेग कमी कर. ती सावकाश बोलायची.

यंत्र: अगो. घरच्यांची. खुशाली? लहानथोरांची? जाळी. ओढणाऱ्यांची? समुद्र. कसा. दिसतोय. आज?

एन्योनाम: किती दिवस उभी आहे रे ती दारात?

कोमला: तारीख बघतो... पहिली हाक तुम्ही प्रश्न विचारलात त्याच आठवड्यातली. पण मग सरळ 'मी मावुसी, मी इथे आहे' असं लिहायचं ना! दोन ओळींचं काम!

एन्योनाम: पाणी न पिता? विचारल्याशिवाय? ती काय पत्रे विकायला आली होती?

कोमला: आता लिहा लवकर. नंबर मागा. अॅडमिन कुलूप घेऊन बसलाय.

एन्योनाम: लिहिते. तू अक्षरं ऐक, चुकलं तर सांग. 'अमे. आत ये, बस. हे पाणी.'

कोमला: नंबर, दावी!

एन्योनाम: 'लहानथोर बरे आहेत. जाळी ओढणारे बरे आहेत, मासळी कमी आहे. किनारा खात खात समुद्रानं टेलिफोनचं घर नेलं, बाकी समुद्र बरा आहे. तुझ्या घरची? भाऊ? कोकोची झाडं?'

कोमला: झाडंसुद्धा?

एन्योनाम: भावाची बाग होती तिच्या. 'इथे सगळं शांत आहे. वाटेवरून तू आलीस. काय काम काढलंस?' झालं. पाठव.

कोमला: पाठवलं. आता ती हे कधी बघणार, देव जाणे.

एन्योनाम: दाराशी उभी आहे म्हणाली ना. तू ते अर्धं पाणी पी तोवर.

कोमला: पितो. आणि ते सेटिंग काढतो, थांबा.

एन्योनाम: काढ. पुन्हा कुणाच्या घरी करू नकोस.

यंत्र: नवीन पोस्ट. पाहुणा.

कोमला: आली! बाणच दाबा. मी काही बोलत नाही.

यंत्र: पाणी. प्यायले. गार आहे. भाऊ गेला. झाडं. आहेत. उशिरा उत्तर देतेय, रागावू नकोस. मला यंत्र वाचून दाखवतं. भाचीनं उड्या मारायला शिकवलं, पण मला जमत नाही. लहानपणी शाळेत बाई बजावायच्या, ओळ संपेपर्यंत बोट उचलायचं नाही. अजून उचलत नाही. तू विचारलंस म्हणून काम सांगते. काम एवढंच. मी आहे. नंबर खाली दिलाय.

कोमला: बोट उचलायचं नाही?

एन्योनाम: ऐकलं मी.

कोमला: दावी, ही ब्रेलची, ठिपक्यांची शाळा. आपल्यासारखी. आणि लहानपणी म्हणाली. म्हणजे आधीपासूनच...

एन्योनाम: ऐकलं म्हटलं ना.

कोमला: मग ते जांभळे डोंगर?

एन्योनाम: काय झालं त्यांना?

कोमला: तिला कुठून दिसणार जांभळे?

एन्योनाम: माझा समुद्र हिरवा होता, तिचे डोंगर जांभळे होते. तुला काय अडचण आहे?

कोमला: मला काही नाही. दोघी मिळून इतकी वर्षं एकमेकींना... हसू का, दावी?

एन्योनाम: हस. मीही हसणार आहे, सवडीनं.

कोमला: नंबर मोबाइलवर घेतलाय मी. अॅडमिननं आता खुशाल कुलूप घालावं. हा घ्या फोन, फक्त हिरवं बटण दाबायचं राहिलंय. लावा ना! आता कशाची वाट बघताय?

एन्योनाम: लावते. ती पहिलं तेच विचारणार. आज समुद्र कुठल्या रंगाचा आहे, ते आधी ठरवू दे.