टपाचा रंग

माझं लग्न झालं तेव्हाची गंमत ऐका. आमचे हे कैलासवासी मामंजींची उघडी मोटार पुन्हा चालू करत होते. इंजिन सुरू झालं, पण टपाचं कापड पार कुजलेलं, मूळचा रंगही ओळखू येईना. होडीच्या शिडाचं मिळत होतं, तर ह्यांचा हट्ट, "बाबांच्या वेळचो तसोच टप होयो. तोवर गाडी भायर काढूचंय नाय." मी आपली उभ्या गाडीत बसून मनातल्या मनात समुद्रकाठाने फिरून यायचे.

शेवटी ह्यांनी सासूबाईंना विचारलं, "आये, टपाचो रंग कसलो होतो गो?"

"माका काय म्हायत, झिला? तुझ्या बापाशीन टप कधी घातलोच नाय. पदर उडताना बरी दिसतंस, म्हणीत."

संध्याकाळी आम्ही टपाशिवाय निघालो, तेव्हा सासूबाईंनी माझ्या पदराची पिन हळूच काढून घेतली.