शीटाच्या मागची सही

—नाही, नाही, पगारे, तसं नाही. तुम्ही आधी बसा बघू. उभ्या उभ्या बोलायची गोष्ट आहे का ही? त्या स्टुलावर नको, ओला रंग आहे, खुर्ची घ्या. हां. चिठ्ठी हवीय तुम्हाला, कळलं मला, दोनदा सांगितलंत. सहादू पुंजाराम पगारे याने टायपोग्राफीचं काम पूर्ण करून सगळी शीटं सरांच्या ताब्यात दिली होती — एवढी एक ओळ आणि खाली माझी सही. आज ती ऑफिसात पोचली तर पोराचा डिप्लोमा, नाही पोचली तर वर्ष बुडालं. मलाच सांगताय होय? हा नियम वर्गात मीच वाचून दाखवलाय! पण सही म्हणजे काय गंमत आहे? सतरा वर्षं झाली, मी या कॉलेजात पोरांना अक्षरं शिकवतोय, अशी कुणाच्याही बापाला सही देत सुटलो असतो तर — बरं, जाऊ दे. चहा घेणार? झुंबर... ए झुंबर! गेला. हा शिपाई कामाच्या वेळी कधी सापडला असेल तर शपथ.

तुम्हाला त्या कामाची कल्पना आहे ना नीट? घरात बघितलंच असेल म्हणा तुम्ही, तुमच्याच ओट्यावर बसून करायचा तो. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने स्वतःचा टाइप काढायचा — म्हणजे छापखान्यात जे खिळे जुळवतात ना, त्या खिळ्यांचं मूळ चित्र. अ पासून ज्ञ पर्यंत, काना-मात्रा, अंक, जोडाक्षरं. एका कार्डशीटवर एकच अक्षर, वीतभर उंच, काळ्या शाईत. सहादूची एकशे बारा शीटं झाली होती. एकशे बारा! बाकीची पोरं चाळिसात दमतात, मग जोडाक्षरं एकमेकांची बघून उरकतात. हा नाही. आणि आपली रीत अशी, की मी तपासलेल्या प्रत्येक शीटाच्या मागे माझी सही, तारीख. पोराचं नाव फक्त वरच्या कव्हरवर. पहिल्यापासून तसंच चालत आलंय, त्यात वावगं काही नाही, कुणालाही विचारा.

आता खरं सांगायचं तर पहिल्यांदा मी त्याला झापला होता. अहो, अक्षरं फाटलेली! ब घ्या, व घ्या — पोट दांड्याला जिथं चिकटतं तिथं ह्याने बारीक फट सोडलेली. म्हटलं, काय रे, उंदराने कुरतडलीत का? तर खाली मान घालून म्हणतो, सर, आमचे वडील ओझरला कारखान्यात विमानावर नंबर टाकतात, पत्रा कापून. इंग्रजी आठाला मध्ये जोड ठेवला नाही तर आतला तुकडा गळून पडतो, आणि जोडाच्या जागी रंगात फट राहते. म्हणून मला तशीच अक्षरं दिसतात. — तशीच दिसतात म्हणे! मी म्हटलं, विमानाला लाव तुझी अक्षरं, इथं देवनागरी काढायची, सगळ्या फटी बुजव. बुजवल्या त्याने. आठ दिवसांत सगळं पुन्हा काढून आणलं. मग ब्लॉक करून पेपरच्या कागदावर बारीक छापून बघितलं — आणि पगारे, ब आणि व दोन्ही काळे ठिक्कर. शाई पसरून पोटं भरून गेली. ह्याच्याकडे फटीवाल्यांचाही ब्लॉक होता, स्वतःच करून आणलेला. तो शेजारी ठेवला. लख्ख! आरशासारखं लख्ख वाचता येत होतं. नुसता शेजारी ठेवला. असा राग आला ना मला त्याचा.

राग कसला? हेवा होता तो. म्हणतोच आता, तुमच्यापाशी काय लपवायचं. मीसुद्धा तुमच्या सहादूच्या वयात एक टाइप काढायला घेतला होता. जोडाक्षरांपाशी अडकलो तो अडकलोच, त्या कपाटात वरच्या कप्प्यात अजून आहे. आणि आमच्या घरात काय होतं म्हणाल तर अक्षरच होतं! वडील रामकुंडावर उपाध्ये, आजोबा रामकुंडावर उपाध्ये, यजमानांच्या वंशावळी बोरूने लिहिलेल्या, तीन तीन पिढ्यांचं वळण. लहानपणापासून मला एकच वाटत आलं की अक्षर म्हणजे आमच्या घरचं. ते दुसऱ्या कुणाला येईल, शिकवलं तर थोडंफार येईलही, पण असं — पत्रा कापणाऱ्याच्या घरातून... तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी जातपात मानत नाही, माझ्या हाताखाली सगळी पोरं शिकली. तसं नाही म्हणायचं मला. काय म्हणायचंय ते — असो.

तर बुजवलेली शीटं रद्द केली, फटीवाल्या एकशे बारांवर सह्या केल्या आणि त्याला म्हटलं, दे, मुंबईला टाइप फाउंड्रीत, खिळे ओततात तिथे, दाखवून आणतो. दाखवायलाच नेली हो! मनात काही नव्हतं. मालिनीची — माझ्या बायकोची — शपथ. कव्हर मळेल म्हणून घरीच ठेवलं. तिथले मॅनेजर म्हातारे, चष्मा कपाळावर, एक एक शीट उचलून उजेडाला धरतायत. एक उलटं केलं, मागे माझी सही वाचली, आणि उठून माझा हात धरला. म्हणाले, तुम्ही इतके दिवस कुठे होतात? आता त्या क्षणाला मी काय बोलायला हवं होतं? बोलायचं होतंच मला. जीभ वळली होती. पण सतरा वर्षांत असं कुणी मला विचारलं नव्हतं हो, की तुम्ही कुठे होतात! मी नुसता हसलो. म्हणाले, आठ दिवस राहू द्या इथे, भागीदारांना दाखवतो. राहू दिली. घरी आल्यावर मालिनी म्हणाली, काय झालं? तिलासुद्धा म्हटलं, आवडली त्यांना माझी अक्षरं. तिने शिरा केला.

आठाचे वीस दिवस झाले. सहादू रोज दारात यायचा, सर, शीटं? मी म्हणायचो, येतील रे, घाई काय! पत्र टाकायला हवं होतं, पण लिहू काय त्यात? विद्यार्थ्याची शीटं परत पाठवा, असं? मग त्यांचंच पत्र आलं, कॉलेजच्या पत्त्यावर. प्राचार्यांनी फोडलं. अक्षरं अप्रतिम आहेत, परंतु आता फोटोवर जुळणी होऊ लागल्याने आम्ही खिळे ओतणं बंद करत आहोत, आणि जागा हलवताना शीटं गहाळ झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत. दिलगीर! रद्दीत गेली असणार, दुसरं काय. पण प्राचार्यांना त्याचं काहीच नाही. त्यांनी ‘अप्रतिम’ तेवढं धरलं. सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या, आणि पत्र नोटीसबोर्डवर. प्राध्यापक उपेंद्र यांचे अभिनंदन म्हणून.

सहादूने वाचलं ते. मी इथून खिडकीतून बघत होतो. दोनदा वाचलं त्याने, मग पिशवी खांद्याला अडकवली आणि गेला. माझ्याकडे आला असता, ओरडला असता, कॉलर धरली असती तरी मला — तुम्ही म्हणता घरी कुणाशी बोलत नाही. ब्रश चुलीत घातले? सगळे? अरेरे. परीक्षेच्या दिवशी आला होता, रिकाम्या हाताने उभा राहिला. बाहेरच्या परीक्षकांनी मला विचारलं, ह्याचं काम कुठाय? मी म्हटलं, अपूर्ण आहे. त्याच्यादेखत म्हटलं. तरी तो गप्प. असा कसा हो तुमचा मुलगा? एक शब्द बोलला असता तर कदाचित मी...

नाही, कदाचित वगैरे काही नाही. मी तेच म्हटलं असतं.

म्हणून सांगतो, ऐका माझं. पुढच्या वर्षी बसवा त्याला. मी जातीने लक्ष घालतो, नवीन टाइप काढून घेतो, सोपा, चाळीस शीटांचा. नाही म्हणतोय? तुम्ही समजवा की, बाप आहात. — हे काय? लिहूनच आणलीत चिठ्ठी? बघू. वा. सुरेख. हे वळण... हे त्यानेच लिहिलंय ना? ब्रश जाळूनही लिहिलं तरी, म्हणजे. फक्त सही करायची जागा सोडलीय.

पेन खिशात ठेवा, पगारे. माझ्याकडे आहे पेन. पेनाचा प्रश्न नाही. ह्याच्यावर सही केली की ऑफिस विचारणार, शीटं घेतलीत तर गेली कुठे? मग ते पत्र निघणार, मग अभिनंदन निघणार. जूनमध्ये मला विभागप्रमुख करतायत. मालिनीच्या माहेरी कळवून झालंय. आत्ता तुमच्यापुढे जे बोललो ते बोललो, बाहेर विचारलंत तर मी बोललोच नाही. असं बघू नका माझ्याकडे. काहीतरी बोला तरी. बापलेक दोघेही सारखेच तुम्ही!

न्या हा कागद. न्या म्हणतो ना. आणि जाताना दार ओढून घ्या, यंदाच्या पोरांची शीटं वाळत टाकलीयत, वाऱ्याने उडतील.