बिनआवाजाचा खेळ

कॉलेजच्या आनंदमेळ्यातली कमाई डांगातल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत सेवेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी होती. आवाज न करता बोललेला शब्द ओळखायच्या खेळापाशी अपर्णाबाई रांगेत उभ्या होत्या. पुढे एक जोडपं होतं.

“अहो, पाचव्यांदा जिंकलात! बाकीच्यांना खेळू द्या की.”

“पंचवीस वर्षं सुरतेच्या उधन्यात कापडाचा लूम चालवतोय. त्या खडखडाटात ओठ बघूनच तर बोलतो आम्ही.”

“ती बघा आपली हर्षाली, समोरच्या स्टॉलवरून काहीतरी म्हणतेय. या बँडमध्ये ऐकूच येत नाही.”

“मला कळलं.”

“मग सांगा ना!”

“म्हणते, ‘पप्पा, आमच्याबरोबर डांगच्या शाळेत शिकवायला चला.’ चौथी शिकलेला माणूस काय शिकवणार?”

“ते तिलाच सांगा.”

हर्षालीकडे बघत पप्पांचे ओठ हलले, आवाज मात्र आला नाही. समोर हर्षाली टाळ्या वाजवत उड्या मारू लागली.